नागपुरात घरी बांधलेली रिजिड इन्फ्लेटेबल बोट : पाण्याआधी उन्हाचा हिशेब

अंबाझरीकाठ (धागा सुरू करणारे सदस्य) :

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठचे लोक जागे झाले तेव्हा पाणी घरात शिरलेले होते. आमच्या गल्लीत ते कमरेच्या वर होते. बचाव पथकाची रबरी बोट आली, तेव्हा जवान बोटीत बसून न येता पाण्यात उतरून, तिच्या कडा हातांनी धरून आणि पायांनी रस्ता चाचपत पुढे सरकत होते, कारण गढूळ पाण्याखाली कुंपणांचे गज आणि पडलेले पत्रे होते व बोटीचा तळ कापडी होता. माझ्या आईला त्यांनी त्या बोटीत निजवून बाहेर काढले. त्या दिवसापासून टणक तळाची आणि फुगीर कडांची बोट आपल्या हातांनी बांधायची, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही. गेल्या दिवाळीनंतर मी कामाला लागलो. आता तळ पूर्ण झाला असून ट्यूब जोडण्याचे काम अर्ध्यावर आहे. या वाटेवर पुढे कोणी येणार असेल, तर त्याचे निदान काही महिने वाचावेत म्हणून सविस्तर लिहितो.

या प्रकारच्या बोटीचा जन्म कारखान्यात नव्हे, तर एका शाळेत झाला, हे मला फार उशिरा कळले. वेल्समधील अटलांटिक कॉलेजमध्ये १९६० च्या दशकात रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होर हे मुख्याध्यापक असताना तेथील विद्यार्थी किनाऱ्यावरील बचावकार्यासाठी रबरी बोटी वापरत असत. खडकाळ किनाऱ्यावर ओढताना त्यांचे कापडी तळ झिजून फाटत, म्हणून तळाला प्लायवूड लावण्याचे प्रयोग सुरू झाले आणि त्यातूनच खाली टणक तळ व भोवती फुगवलेली ट्यूब ही रचना आकाराला आली. पुढे ब्रिटनच्या आरएनएलआय या जीवरक्षक नौका संस्थेने ती स्वीकारली, होर यांनी हक्क अवघ्या एका पौंडाला देऊन टाकले आणि १९७२ मध्ये सेवेत आलेल्या बोटीला कॉलेजच्या नावावरून ‘अटलांटिक २१’ हे नाव मिळाले. प्लायवूड आणि विद्यार्थ्यांचे हात यांतून जी वस्तू निर्माण झाली, ती लकडगंज या नागपूरच्या लाकूडबाजारापासून चार किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला अशक्य का वाटावी, असे मी स्वतःला विचारले.

माझी बोट ४.२ मीटर लांब आहे. तळासाठी ९ मिलिमीटर आणि बाजू व आतील आडव्या फळ्यांसाठी ६ मिलिमीटर मरिन प्लाय वापरला. प्लायवर आयएस ७१० हा मरिन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का असला, तरी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मी प्रत्येक ताव घेण्याआधी त्याच्या कोपऱ्याचा तुकडा कापून मागितला आणि घरी दिवसभर पाण्यात उकळत ठेवला. तीनपैकी एका दुकानाच्या तुकड्याचे थर संध्याकाळपर्यंत पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. त्यावरही शिक्का होताच.

तळ शिवून-चिकटवण्याच्या पद्धतीने केला. फळ्या आराखड्याप्रमाणे कापायच्या, कडांना छिद्रे पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना टाके घालायचे, आतल्या सांध्यांत इपॉक्सी (दोन भाग कालवल्यावर घट्ट होणारी चिकट राळ) व बारीक लाकडी भुसा यांची लांबी, म्हणजे पुटी, भरायची आणि त्यावर फायबरग्लासची पट्टी बसवायची. तारेचे टाके आवळत गेलो, तसतशा सपाट फळ्या आपोआप वळून नाकाकडे वर उचलल्या गेल्या. तो क्षण पाहण्यासाठी शेजारची मुले दोन तास ओट्यावर बसून होती. तळाचा व्ही-आकार मागच्या टोकाला सुमारे १८ अंशांचा ठेवला आहे. इंजिन ज्या फळीवर टांगले जाते ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, प्लायचे तीन थर चिकटवून केली आणि तिला आतून सागवानाचा आधार दिला. आपल्याकडचा सीपी (जुन्या मध्य प्रांताच्या नावाने ओळखला जाणारा) सागवान यासाठी उत्तम आहे. मात्र त्याच्या अंगी तेल असल्यामुळे चिकटवण्याच्या अगदी आधी तो अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो, अन्यथा सांधा वर्षभरात उघडतो.

आता या धाग्याच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बोटबांधणीचे सगळे मार्गदर्शन समुद्रकाठच्या लोकांनी लिहिलेले असते आणि त्यात मीठ, गंज व लाटा यांचा हिशेब असतो. नागपुरात मीठ नाही आणि लाटाही नाहीत. येथे ऊन आहे. कापड कोणते घ्यायचे, गोंद कोणत्या महिन्यात लावायचा, रंग कोणता द्यायचा, हवा किती भरायची आणि बोट ठेवायची कोठे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याला उन्हालाच विचारावे लागते.

हे मी नुकसान सोसून शिकलो. गेल्या वर्षी मे महिन्यात सरावासाठी एक छोटा सांधा करून पाहावा म्हणून मी दुपारी सव्वातीन वाजता अर्धा किलो इपॉक्सी एकाच डब्यात कालवले. बाहेर ४४ अंश तापमान होते. लांबी भरायला घेतली तोच डबा हाताला चटके देऊ लागला, मिनिटभरात त्यातून पांढरा धूर निघाला आणि आतले इपॉक्सी फेसाळून दगडासारखे झाले. तापमान दहा अंशांनी वाढले, की कालवलेले इपॉक्सी जवळपास निम्म्या वेळात घट्ट होते. शिवाय खोल डब्यात त्याची स्वतःची उष्णता कोंडून राहते. त्यानंतर मी पहाटे पाच ते आठ एवढ्याच वेळात, शंभर-शंभर ग्रॅमचे घाणे करून, पसरट ताटलीत ओतून काम केले. जे कूलर लावून काम करण्याचा विचार करत असतील, त्यांना कळकळीने सांगतो, की कूलरची हवा थंड असली तरी दमट असते, आणि तिच्यामुळे इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो व ट्यूबचा गोंद पांढरट पडून दगा देतो.

पावसाळ्यातही हीच अडचण असते. म्हणून चिकटवण्याच्या कामासाठी आपल्याकडे नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे खरे महिने आहेत. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो आणि इपॉक्सी घट्ट होण्याचे नाव घेत नाही.

ट्यूबचा व्यास ४५ सेंटिमीटर ठेवला आहे. दोन्ही बाजू आणि नाकाचा वळसा धरून तिची एकूण लांबी सुमारे नऊ मीटर होते, म्हणजे तिच्या पोटात साधारण १.४ घनमीटर हवा मावते आणि ती पूर्ण बुडाली तर सुमारे १४०० किलो भार पेलते. तरीही ट्यूब ही बोटीची मुख्य तरणशक्ती मानू नये, असे माझे ठाम मत आहे. तळ स्वतःच्या बळावर तरंगला पाहिजे आणि माणसे बसल्यावर ट्यूबचा मागचा भाग पाण्याला जेमतेम टेकला पाहिजे. ती खोलवर बुडत असेल, तर इंजिनाची अर्धी ताकद ट्यूब पाण्यातून ओढण्यातच खर्च होते. आणि ती पाण्यापासून फार उंच राहिली, तर एका बाजूला चार माणसे झुकताच बोट भीती वाटेल इतकी कलते. या दोन्हींमधली जागा शोधण्यासाठी मी तळ ट्यूबशिवाय पाण्याच्या मोठ्या हौदात सोडला, त्यात वाळूची पोती ठेवली आणि पाण्याची रेषा पेन्सिलने आखून घेतली.

ट्यूबचे कापड आणि सांधे यांविषयी मी चाचपडत आहे. जाणकारांनी लिहावे.

लकडगंजचा रंधा :

भाऊ, काम वाचून मन भरून आले. आमच्या घरी दोन पिढ्या सागवानाचा व्यवसाय आहे, म्हणून एक सूचना करतो. ट्रान्समच्या आधारासाठी सागवान घेतले ते योग्यच आहे, पण लाकूड किती वाळलेले आहे हे पाहिले का? आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड इतके कोरडे होते, की मे महिन्यात नेमका बसलेला सांधा ऑगस्टमध्ये फुगून ताण देतो. जे लाकूड इपॉक्सीने सर्व बाजूंनी, विशेषतः आडवे कापलेल्या तोंडांशी, तीन हात देऊन बंद केले जाईल, तेच आकार धरून ठेवते. स्क्रूसाठी पाडलेली छिद्रेही आधी मोठी पाडून, इपॉक्सीने भरून, मग त्यांच्या मधोमध पुन्हा पाडावीत. इंजिनाच्या बोल्टपाशी पाणी मुरले, की ट्रान्सम आतून कुजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

अंबाझरीकाठ :

आपली सूचना अमूल्य आहे. बोल्टची छिद्रे मी थेट पाडली होती. उद्याच मोठी करून भरून घेतो.

ताडपत्रीचा व्यवसाय :

मी इतवारीत ट्रकच्या ताडपत्र्या आणि पाण्याच्या टाक्यांची अस्तरे बनवतो. आमच्याकडे पीव्हीसी गरम हवेच्या यंत्राने जोडले जाते, त्यामुळे कापडाविषयी अधिकाराने लिहू शकतो.

ट्रकची ताडपत्री बोटीच्या ट्यूबसाठी वापरू नका. ती पाणी अडवते, पण तीन-चार महिने दाबाखाली असलेली हवा अडवणे हे तिचे काम नाही. वरचा थर पातळ असतो आणि आतील विणीचे धागे पोकळ वातीसारखे वागतात. कापड जेथे कापले आहे त्या कडेतून हवा धाग्यांच्या आत शिरते आणि धाग्याच्या लांबीने प्रवास करत भलत्याच ठिकाणी बाहेर पडते. साबणाचे पाणी लावले, तर बुडबुडा सांध्यापासून हातभर दूर दिसतो आणि माणूस तेथे ठिगळ लावत बसतो. म्हणून बोटीचे कापड दोन्ही बाजूंनी जाड थर दिलेले घ्यावे. चौरस मीटरला ९०० ते ११०० ग्रॅमचे पॉलिस्टर-पीव्हीसी या कामासाठी वापरतात. प्रत्येक सांध्याला आतून आणि बाहेरून पट्टी बसवून कापडाची उघडी कड झाकली पाहिजे. आतली पट्टी हवा थांबवते आणि बाहेरची पट्टी कडेचे रक्षण करते.

जोड तपासण्याची आमच्या धंद्यातील रीत सांगतो. त्याच कापडाच्या दोन पट्ट्या जोडा, चोवीस तास ठेवा आणि पक्कड घेऊन उलट दिशांनी सोला. जोड चांगला असेल, तर पीव्हीसीचा पापुद्राच धाग्यांवरून सुटून येतो आणि पांढरी वीण उघडी पडते. दोन गुळगुळीत पृष्ठभाग वेगळे झाले, तर तो जोड नापास समजावा, मग हाताला तो कितीही घट्ट वाटो.

हायपलॉन हे कृत्रिम रबर उन्हाला पीव्हीसीपेक्षा पुष्कळ जास्त टिकते. मूळ हायपलॉन ड्युपाँट कंपनीने २०१० च्या सुमारास बंद केले, तरी त्याच जातीचे रबर इतर कंपन्या बनवतात आणि बाजारात जुनेच नाव चालते. ते वितळवून जोडता येत नाही. खरवडून, टोल्युइनने पुसून निओप्रीनच्या गोंदानेच चिकटवावे लागते. खर्च परवडत असेल, तर नागपूरच्या उन्हात हायपलॉनच घ्यावे.

अंबाझरीकाठ :

काका, आपण इतके मोकळेपणाने लिहिले याबद्दल मनापासून आभार. हायपलॉन माझ्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून पीव्हीसी घेतले. पहिल्या वेळी एका विक्रेत्याने बोटीचे कापड म्हणून जे दिले, ते आपण वर्णन केलेली ताडपत्रीच निघाली. मी त्यातून दीड मीटरचा एक तुकडा शिवून फुगवला, आणि सकाळी पाहतो तो तुकडा जमिनीवर चादरीसारखा पसरलेला. दुसऱ्यांदा मागवलेल्या कापडाची सोलून परीक्षा घेतली आहे आणि ते उत्तीर्ण झाले आहे.

नाकाच्या वळशाविषयी येथे लिहून ठेवतो, कारण याचे सोपे स्पष्टीकरण मला कोठे मिळाले नाही. सरळ नळी वाकवता येत नाही. ती तिरप्या कापलेल्या तुकड्यांनी वळवावी लागते. मी दोन तुकड्यांमध्ये १५ अंशांचे वळण ठेवले. कापड सपाट पसरले असता ही तिरपी कड सरळ रेषा नसून लाटेसारखी वक्ररेषा असते. ४५ सेंटिमीटर व्यासासाठी परीघ १४१ सेंटिमीटर येतो आणि १५ अंशांच्या वळणाला ही लाट मध्यरेषेच्या वर ३० व खाली ३० मिलिमीटर जाते. मी परीघाचे सोळा समान भाग करून प्रत्येक भागावरची उंची काढली, ठिपके जोडले आणि जाड पुठ्ठ्याचा साचा कापला. ब्लाउजच्या बाहीचा गोलवा ज्यांनी कधी कापला असेल, त्यांना ही आकृती लगेच ओळखू येईल; माझ्या बायकोने तो साचा हाती घेतला आणि सांध्यासाठी तीन सेंटिमीटर वाढ सोडायला मी विसरलो आहे, हे तिनेच दाखवून दिले.

भौतिकीचा तास :

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. धागाकर्त्यांनी उन्हाचा मुद्दा मांडला आहे, त्याला आकड्यांची जोड द्यावीशी वाटते, कारण ट्यूब फुटण्याचे मूळ यातच आहे.

अशा बोटींच्या ट्यूबमध्ये साधारण ०.२५ बार इतका दाब ठेवतात. मोटारीच्या चाकात दोन बारहून अधिक असतो, त्या तुलनेत हा फारच कमी वाटतो; पण ट्यूबचा व्यास मोठा असल्यामुळे कापडावर येणारा ताण मोठा असतो. ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. २२.५ सेंटिमीटर त्रिज्या आणि ०.२५ बार दाब असताना लांबीने जाणाऱ्या सांध्याच्या प्रत्येक सेंटिमीटरवर सुमारे ५.७ किलोचा ओढ असतो. आडव्या सांध्यांवर त्याच्या निम्मा. म्हणून लांबीचा सांधा सर्वांत जपून करावा.

आता ऊन घ्या. पहाटे २५ अंशांना ट्यूब ०.२५ बारवर भरली आणि दुपारी उन्हात आतील हवा ६५ अंशांवर गेली, असे समजा. हवेचा एकूण दाब केल्विन तापमानाच्या (सेल्सियस अधिक २७३) प्रमाणात वाढतो, आणि एकूण दाब म्हणजे ट्यूबमधील दाब अधिक बाहेरील वातावरणाचा दाब. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने वातावरणाचा दाब ०.९८ बार धरू. १.२३ चे १.३९ होतात, आणि त्यातून ०.९८ वजा केल्यावर ट्यूबमध्ये ०.४१ बार उरतात. तापमान जेमतेम चाळीस अंशांनी वाढले, पण कापडावरील ताण सेंटिमीटरला ५.७ वरून नऊ किलोंच्या पुढे गेला. त्याच वेळी गोंद उष्णतेने मऊ पडत असतो. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात, हा खरा धोका आहे. म्हणून प्रत्येक कप्प्याला ०.३ बारच्या आसपास उघडणारी झडप बसवावी आणि बोट उभी असताना हवा अर्ध्यावर सोडून ठेवावी.

याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावी. उन्हात टणटणीत भरलेली ट्यूब तलावाच्या थंड पाण्यावर उतरवली, की काही मिनिटांत सैल पडते. पाण्यावर उतरवल्यानंतर दाब पुन्हा तपासून वर हवा भरणे, हा नियमच करावा.

दाब मोजण्यासाठी महागडे यंत्र नको. ०.२५ बार म्हणजे पाण्याचा २५५ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, इंग्रजी यू अक्षराप्रमाणे भिंतीवर टांगा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक ट्यूबच्या झडपेला जोडा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतील फरक टेपने मोजा. मोठ्या काटेवाल्या मापकापेक्षा हे अधिक अचूक आहे.

पेट्रोल पंपावरच्या हवेने ट्यूब भरू नये, हेही सांगतो. तेथील दाब या कापडाच्या कल्पनेपलीकडचा असतो. पायाने चालवायचा पंप पुरेसा आहे.

बुटीबोरीतील फायबर :

ट्यूब तळाला चिकटवण्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेच्या पट्टीत सरकवून का बसवत नाही? आपल्या उन्हात पीव्हीसीची ट्यूब सात-आठ वर्षांत बदलावी लागणार, हे जवळपास ठरलेले आहे. तेव्हा ती सोडवता येईल असा जोड आजच केलेला बरा. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका बोटीत मालकाने गोंदात हार्डनर, म्हणजे तो पक्का करणारा दुसरा भाग, घातलाच नव्हता, कारण त्याशिवायही पट्टी हाताला घट्ट लागली होती. एप्रिलमध्ये बोट पत्र्याच्या शेडखाली उभी असताना डाव्या बाजूची ट्यूब चार फूट लांबीत तळापासून सुटून लोंबत होती. गोंद बोटाने ओढला, तर च्युइंगमसारखा ताणला जात होता.

अंबाझरीकाठ :

आपला मुद्दा वजनदार आहे आणि यावर मी महिनाभर विचार केला. खाचेची पट्टी नाकाच्या वळशावर समान वाकवणे मला जमले नाही, दोनदा चिरली. शिवाय पट्टीत ओढ एका रेषेवर येते, तर रुंद पाळीवर चिकटवलेल्या ट्यूबमध्ये ती पसरते. म्हणून मी तळाच्या कडेला ट्यूबच्याच गोलाईची, आठ सेंटिमीटर रुंदीची अंतर्वक्र पाळ प्लाय आणि फायबरग्लासची केली आहे. ट्यूब तिच्यात पन्हाळीत बांबू बसावा तशी बसते, आणि वरून व खालून कापडाच्या पट्ट्या येतात. गोंद सरकण्याच्या ओढीला बलवान आणि सोलण्याच्या ओढीला दुबळा असतो. खालची पट्टी नसेल, तर पाण्याचा प्रत्येक फटका वरच्या पट्टीला सोलत राहतो.

गोंद दोन भागांचा पॉलियुरेथेन आहे आणि हार्डनर वजन करून घातला आहे. पाळीवरचे इपॉक्सी आधी पाण्याने घासून धुतले, ८० नंबरच्या पॉलिशपेपरने मारले आणि अ‍ॅसिटोनने पुसले. तीन पातळ हात दिले आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू दिला. शेवटच्या हातानंतर बोट टेकवले असता चिकटावे, पण गोंद बोटाला लागू नये, अशा वेळी दोन्ही पृष्ठभाग जुळवले आणि लाकडी रुळाने मधून कडेकडे दाबत नेले. ट्यूब या वेळी किंचित फुगवलेली ठेवली होती, जेणेकरून ती आपला गोल सोडणार नाही. सात दिवस तिला पूर्ण दाब दिला नाही.

ट्यूब बदलण्याची वेळ येईल तेव्हा गरम हवेच्या यंत्राने गोंद मऊ करून ती सोडवता येईल. गोंदाच्या ज्या स्वभावामुळे हे शक्य होते, त्याच स्वभावामुळे ऊन त्याचा शत्रू ठरते. म्हणून तळ पांढरा आणि ट्यूब फिकट राखाडी ठेवली आहे. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेले साधे इपॉक्सीही पन्नास-साठ अंशांच्या पुढे मऊ होऊ लागते, आणि आपल्याकडे काळ्या रंगाचा तळ मे महिन्यात ती मर्यादा सहज ओलांडील.

धंतोलीची वाचक :

दादा, त्या पहाटे आमच्याही घरात पाणी होते आणि वडील डायलिसिसचे रुग्ण होते, म्हणून हा धागा मी शब्दन्‌शब्द वाचला. एक गोष्ट तळमळीने विचारते. गल्लीच्या पुरात तुम्ही इंजिन चालवणार आहात का? पाण्यात माणसे उभी असतात, लहान मुले खांद्यावर असतात, साड्या, दोऱ्या आणि प्लास्टिक वाहत असते. आम्हाला ज्या भीतीने घेरले होते, तीत फिरत्या पंख्याची भर पडू नये असे मला वाटते.

अंबाझरीकाठ :

ताई, आपण विचारलेला प्रश्न या बोटीतील सर्वांत महत्त्वाचा आहे. वस्तीत इंजिन वर उचललेले राहील आणि बोट वल्ह्यांनी व बांबूनेच पुढे नेली जाईल. यासाठी ट्यूबवर दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे आधार आणि पूर्ण लांबीची धरदोरी बसवत आहे, म्हणजे पाण्यातील माणसाला कोठूनही पकडता येईल. इंजिन केवळ मोकळ्या पाण्यासाठी आहे आणि त्याच्या पंख्याभोवती जाळीचे कडे बसवणार आहे. चालकाच्या मनगटाला बांधलेली दोरी सुटताच इंजिन बंद पडते, ती दोरी बांधल्याशिवाय कोणीही हँडल धरणार नाही. ट्यूबचे पाच स्वतंत्र कप्पे आहेत. कुंपणाच्या गजाने एक फाटला, तरी उरलेले चार आणि तळ मिळून सहा माणसांना वर ठेवतील. हे मी वाळूची पोती भरून तपासणार आहे, त्याआधी बोटीत एकही माणूस बसणार नाही.

पुरात मी स्वतःहून बोट घेऊन निघणार नाही, हेही स्पष्ट करतो. अग्निशमन विभाग आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन यांना बोटीची व चालवणाऱ्यांची माहिती लेखी देऊन ठेवणार आणि त्यांनी बोलावले तरच जाणार.

वैनगंगाकाठचा ढिवर :

मी गोसीखुर्द धरणाच्या वरच्या अंगाला डोंगा चालवतो. बोट बांधली, पण उतरवणार कोठे? तोतलाडोह जलाशयाला जाऊ नका, तो पेंच व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तलावात जलपर्णी असेल, तर इंजिनाला थंड पाणी ओढणारी जाळी आधी बंद पडते. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते, ती थांबली की लगेच इंजिन बंद करा. धरणात बुडालेल्या झाडांचे खुंट उन्हाळ्यात पाण्याखाली वीतभर उरतात आणि वरून दिसत नाहीत. आमचा एका खोडातून कोरलेला डोंगा खुंटावर चढला तर सरकून उतरतो. तुमचा प्लाय चढला तर काय होईल, याचा विचार करून कण्यावर काही लावले आहे का?

अंबाझरीकाठ :

मामा, अनुभवाचे बोल आहेत. कण्यावर बाहेरून फायबरग्लासचे चार थर आहेत आणि त्यावर सागवानाची एक पट्टी केवळ झिजण्यासाठी लावली आहे. ती खराब झाली की काढून नवी बसवायची. पहिली चाचणी रामटेकजवळच्या खिंडसी तलावात घेण्याचा विचार आहे. इंजिन लावलेली बोट अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ नुसार तपासणी आणि नोंदणीशिवाय चालवता येत नाही, आणि तलाव ज्या खात्याचा आहे त्याची परवानगी वेगळी लागते. ते कागद हाती येईपर्यंत बोट इंजिनाशिवाय, वल्ह्यांवर आणि पोत्यांच्या भारावरच पाण्यात उतरेल, तीही परवानगी घेऊनच. चाचणीच्या दिवशी आपण सोबत आलात, तर खुंट कोठे असतात हे डोळ्यांनी पाहता येईल.

भौतिकीचा तास :

ट्यूबची हवेची चाचणी कशी घेतली, तेही लिहावे.

अंबाझरीकाठ :

सर, परवा पहाटे साडेपाचला आपण सांगितलेली लेव्हल नळी जिन्याच्या भिंतीवर टांगली आणि उजव्या बाजूचा मागचा कप्पा बरोबर २५५ सेंटिमीटरवर भरला. अंगणातील तापमापी १३ अंश दाखवत होता. दुपारी कुतूहलाने पाहिले, तर फरक ३२० च्या पुढे गेला होता. काल पहाटे त्याच वेळी २४९ होता आणि पारा १२ वर होता. आपल्या सूत्राने एका अंशाला साधारण साडेचार सेंटिमीटर पडतात, म्हणजे सहापैकी साडेचार सेंटिमीटर थंडीने खाल्ले आणि दीड सेंटिमीटर हवा खरोखर गेली. साबणाचे पाणी घेऊन सर्व सांधे पुन्हा चाचपले. सांधे कोरडे राहिले. झडपेच्या बुडाशी, कापडाच्या आणि प्लास्टिकच्या चकतीच्या मधोमध, मोहरीएवढा एक बुडबुडा दर सात-आठ सेकंदांनी येत होता. चकती सोडवली, तर खाली गोंदाचा एक वाळलेला थेंब अडकला होता. तो खरवडला, चकती पुन्हा बसवली आणि आज पहाटे १२ अंशांनाच कप्पा परत २५५ वर भरला आहे. उद्या साडेपाचला मोजतो.